शंकरपटात बैलाची बाजू

लाखांदूर तालुक्यात धानाचं चुरणं आटोपत आलं की माणसं भेटल्याबरोबर पटाची चौकशी करतात. यंदा कोणत्या गावचा पट कधी आहे, कोणाची जोडी उतरणार आहे, रात्री नाटक कोणत्या कंपनीचं ठरलं. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आमचा तालुका. चुलबंद नदी आमच्याकडेच वैनगंगेला मिळते, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. सगळा मुलूख पाण्याचा आणि धानाच्या बांध्यांचा. रोवणीच्या दिवसांत इथला बैल गुडघाभर चिखलात राबतो. त्याच बैलाला हिवाळ्यात कोरड्या जमिनीवर मोकळा पळवायचा आणि कोणाची जोडी सरस ते गावासमोर ठरवायचं, याला आम्ही शंकरपट म्हणतो.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. पदवी नसली तरी गावोगावी मला डाक्टरच म्हणत. पटाच्या हंगामात माझी नोकरी आणि माझी आवड एकाच मैदानावर असायची. जुने लोक पटाचा इतिहास सांगतात तेव्हा गाजलेल्या जोड्यांची नावं घेतात, कोणत्या पाटलाने कोणती जोडी किती इनाम लावून पळवली ते सांगतात. मी जनावरांच्या बाजूने पाहत आल्यामुळे मला हा इतिहास पटाच्या नियमांत दिसतो. नियम कोणासाठी केला, तो कधी आला आणि त्यात कोण राहून गेलं, एवढं पाहिलं तरी शंभर वर्षांत पट कुठून कुठे आला ते कळतं.

पट कधी एकटा येत नाही. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, मंडईच्या मागे पट, आणि दिवसभर पट झाला की रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या मुलखाचं, नाटक. वडसा हे नाटक कंपन्यांचं ठाणं. 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या गावांत घरचा सत्कार झाल्यासारखा आनंद होता, कारण ही नाटकं आम्ही पटाच्या रात्रींमध्येच लहानपणापासून पाहत आलो. सासरी गेलेल्या लेकी पटाला माहेरी येतात. सोयरे येतात, मुक्काम करतात, आणि कितीतरी लग्नांची पहिली बोलणी पटाच्या निमित्ताने होतात. चहाच्या टपरीपासून दोरखंड, घुंगरमाळा विकणाऱ्यांपर्यंत अनेकांचा हंगाम पटावर उभा असतो. म्हणून पटाच्या नियमांचा प्रश्न आमच्याकडे खेळापुरता राहत नाही.

महाराष्ट्रात बैलांच्या शर्यती सगळीकडे एकसारख्या नाहीत. पुणे जिल्ह्यातला बैलगाडा घाटात धावतो, गाड्यापुढे घोडी पळवण्याची तिथली जुनी चाल. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला कृषक सुधार मंडळाचा शंकरपट भरतो. तिथे जोडीची वेळ घड्याळावर, सेकंदाच्या भागापर्यंत मोजतात, आणि तिथे बायाही धुरकरी, म्हणजे जोडी हाकणाऱ्या, म्हणून छकड्यावर बसतात. आमच्या झाडीपट्टीत जोडीला जोडी भिडवायची पद्धत. शेजारी शेजारी दोन पट्ट्या आखलेल्या, एकेका पट्टीत एकेक जोडी, मागे हलका छकडा आणि छकड्यावर एकटा धुरकरी. झेंडी पडली की सगळा निकाल काही सेकंदांत.

छकडा म्हणजे जवळजवळ सांगाडाच. ओझं नको म्हणून फळ्या कमीत कमी, त्यामुळे धुरकऱ्याला धड बसायला जागा नसते. तो धुरेवर एक गुडघा टेकतो, दुसरा पाय मागे अडकवतो आणि बैलांच्या पुठ्ठ्यांवर जवळजवळ ओणवा होतो. डाव्या हातात दोन्ही कासरे. उजवा हात मोकळा. जोडीतला एक बैल नेहमी जरा उतावळा असतो, दुसरा दमाने पळणारा. उतावळ्याला आवरलं आणि दुसऱ्याला सोडलं तर जोडी सरळ जाते, नाहीतर जू तिरपं होतं आणि छकडा पट्टी सोडतो. चाक एखाद्या धुऱ्याच्या उंचवट्यावर चढलं की माणूस हवेत उडतो. खाली पडला तर मागे स्वतःचंच चाक आणि बाजूला दुसऱ्याची जोडी. चांगला धुरकरी हे सगळं कासऱ्याच्या ताणावरून ओळखतो. त्याचं कसब डाव्या हातात असतं. उजव्या हातात काय असावं आणि काय नसावं, यावर पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला.

बैलही पारखून घेतलेले. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ अंगाने लांब, पायाने हलका. मराठ्यांच्या फौजा सामान वेगाने हलवायला याच बैलांचा उपयोग करत. आमचा कठाणी बैल त्याच्यापुढे ठेंगणा, पण खुराने टणक आणि धानाच्या चिखलात न थकणारा. पटाची जोडी राखणारा शेतकरी तिच्यावर जीव टाकतो. ढेप, चुरी, कोंडा यांची वेळ चुकत नाही, पहाटे तलावावर धुणं, अंगाला चोळणं, संध्याकाळी फिरवून आणणं. पोळ्याला त्या जोडीचा साज वेगळा असतो. बैलावर प्रेम नसलेला माणूस पटात उतरतो, असं कोणी म्हणत असेल तर त्याने आमचे गोठे पाहिलेले नाहीत. याच प्रेमाच्या शेजारी मार कसा नांदत होता, हे समजून घ्यायला जुने नियम पाहावे लागतात.

मी लहानपणापासून पाहिलेल्या पटांत नियम भरपूर होते आणि ते कडक होते. झेंडी पडायच्या आधी जोडी सुटली तर फेरी पुन्हा. पट्टी कोणती घ्यायची ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, कारण एक पट्टी नेहमी जरा भुसभुशीत असते. आपली जोडी दुसऱ्याच्या पट्टीत घातली तर बाद. समोरच्याच्या बैलाला धुरकऱ्याचा हात लागला तर बाद, आणि त्यावरून दोन गावांत वैर. शेवटच्या रेषेवर दोन्ही बाजूंना पंच उभे, त्यांचा शब्द अखेरचा. पंच म्हणून गावातला असा माणूस निवडायचा, ज्याच्या घरी पटाची जोडी नाही आणि ज्याची सोयरीक कोणत्याही मोठ्या जोडीवाल्याशी नाही. कागदावर यातलं काही नव्हतं, तरी मोडायची कोणाची छाती होत नसे.

हे सगळे नियम एका मालकाला दुसऱ्या मालकापासून वाचवणारे होते. इनाम खरं ठरावं, गावाची अब्रू राहावी, भांडण होऊ नये, यासाठी ते होते. समोरच्याच्या बैलाला हात लावणं हा गुन्हा होता. स्वतःच्या बैलाला काहीही करण्याची मोकळीक होती. उजव्या हातात तुतारी असायची, टोकाला लोखंडी आर असलेली काठी. कोणी चाबूक घ्यायचा. शेवटच्या टप्प्यात शेपटी पिळायची, कोणी ती दातांनी चावायचा. पुढे बॅटरीचा झटका देणारी यंत्रं आली. पंच हे सगळं डोळ्यांनी पाहायचे, पण त्यांच्या हिशेबात ते येतच नव्हतं.

माझ्याकडे हा हिशेब दुसऱ्या दिवशी यायचा. पट झाला की सकाळी दवाखान्यासमोर बैल उभे. पुठ्ठ्यावर, शेपटीच्या बुडाच्या दोन्ही बाजूंना, आरीच्या टोचण्या ओळीने बसलेल्या. घरून हळद-तेल लावून आणलेलं असायचं, त्याच्या खाली रक्त सुकून केस चिकटलेले. आधी केस कातरायचे, लाल औषधाच्या पाण्याने धुवायचं, मग मलम. उशीर झाला आणि माशी बसली की जखमेत किडे, मग टर्पेंटाइनचा बोळा आणि चिमटा. यापेक्षा शेपटीचं दुखणं वाईट. मोठ्या बैलाची नाडी आम्ही शेपटीखाली पाहतो. बुडापासून चार बोटं खाली, आतल्या बाजूला धमनी बोटाला लागते. विसाव्यातल्या बैलाची नाडी मिनिटाला साधारण 40 ते 60 लागायला हवी. पटातून आलेल्या काही बैलांची शेपटी हातात घेतली की तिचे मणके आत करकर हलायचे, नाडी सापडण्याआधीच बैल लाथ झाडायचा. त्या जागी हात लावू देत नसे तो पुढे कधीच. अशा बैलाची माशी हाकायची ताकद गेलेली असते, आणि धानाच्या मुलखात पावसाळाभर माशा-गोमाशांत उभ्या राहणाऱ्या बैलाला शेपटी नसणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

बैल घेऊन आलेला मालक बहुतेक वेळा रडवेला असायचा. तो म्हणायचा, धुरकरी भाड्याचा होता, मी नको म्हटलं होतं. हे खरंही असायचं. नामांकित धुरकऱ्याला लोक पैसे देऊन दुसऱ्या गावाहून आणत. त्याला जिंकल्याचे पैसे मिळत, बैलाच्या जखमेचे नाहीत. आपण जे वाहन हाकतो त्याला दुखतं, याची जबाबदारी त्याच्यावर कोणत्याच नियमाने टाकलेली नव्हती.

कायदा मात्र होता. जनावरांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा इंग्रजांनी 1890 साली केला होता. स्वातंत्र्यानंतर राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी नव्या कायद्यासाठी विधेयक मांडलं, सरकारने तो विषय हाती घेतला आणि 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम आला. त्याच्या कलम 11 प्रमाणे जनावराला मारणं, त्याला विनाकारण वेदना देणं हा गुन्हाच आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. पटाच्या इनामापुढे हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्यामुळे 1960 ते 2011 अशी पन्नास वर्षं कायदा पुस्तकात राहिला आणि तुतारी मैदानात.

11 जुलै 2011 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून बैलाचा समावेश अशा प्राण्यांच्या यादीत केला, ज्यांना प्रदर्शनासाठी शिकवता आणि वापरता येत नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या रांगेत आमचा बैल जाऊन बसला. महाराष्ट्रातल्या शर्यतींवरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली. मग 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने तामिळनाडूचं जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्ही बेकायदा ठरवल्या. प्राणी कल्याण मंडळाने न्यायालयापुढे ठेवलेल्या वर्णनात शेपटी पिळणं होतं, चावणं होतं, खिळ्याच्या काठ्या होत्या. ते मी वाचलं तेव्हा मला त्यात परकं काही वाटलं नाही. ती माझ्या दवाखान्याची सकाळ होती.

आमच्या गावांत मात्र राग होता. शहरातल्या लोकांना बैल काय कळतो, असं माणसं म्हणत. पटाची मैदानं ओस पडली, चांगल्या जोड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, बांध्यांत ट्रॅक्टर आधीच शिरले होते. पटाची आशा नसलेला गोऱ्हा पोसायला कोणी तयार होईना. हे नुकसान खरं होतं आणि त्यात बैलाचाही तोटा होता, कारण ज्याचं काम संपतं त्या जनावराची जातही हळूहळू संपते. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत होत्या, आणि अजूनही दिसतात.

याच काळात माझा पुतण्या नागपूरला शिकत होता आणि मोटारींच्या शर्यतीचं त्याला वेड लागलं होतं. 2011 सालीच, बैलांची अधिसूचना निघाली त्याच वर्षी, 30 ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एकीकडे पट बंद, दुसरीकडे ताशी तीनशे किलोमीटरची शर्यत सरकारच्या आशीर्वादाने चालू, हा अन्याय आहे असं तो म्हणे. त्याच्यासोबत पाहता पाहता मीही त्या शर्यतींचा मागचा इतिहास वाचत गेलो आणि मला तिथे आमच्याच पटाची वाट दिसली.

मोटारींच्या शर्यतीतही आधी नियम झाले ते कोण जिंकलं हे ठरवण्याचे. 1903 साली पॅरिसहून माद्रिदला निघालेली शर्यत इतकी माणसं मारत गेली की ती बोर्दोलाच थांबवावी लागली. 11 जून 1955 रोजी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत पिएर लव्हेग यांची गाडी उसळून प्रेक्षकांत शिरली आणि 80 हून अधिक माणसं गेली. स्वित्झर्लंडने त्यानंतर आपल्या देशात सर्किटवरच्या शर्यतींवरच बंदी घातली आणि ती कैक दशकं टिकली. म्हणजे खेळ बंद पाडणारं सरकार फक्त आमच्या वाट्याला आलं असं नाही. प्रेक्षकांची काळजी आधी आली, चालवणाऱ्याची त्यानंतर. 1966 साली बेल्जियममध्ये स्पाच्या पावसात जॅकी स्ट्युअर्ट यांची गाडी रस्ता सोडून गेली आणि ते पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकले. त्यांना सोडवायला ग्रॅहम हिल यांना प्रेक्षकाकडून पाना मागून आणावा लागला. त्यानंतर स्ट्युअर्ट गाडीत पाना सोबत ठेवू लागले आणि कडेला कठडे, पट्टे, डॉक्टर हवेत म्हणून भांडू लागले. अनेकांना ते भित्रे वाटले.

माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते डॉक्टर सिड वॉटकिन्स यांच्यात. हा मेंदूचा शल्यविशारद 1978 साली फॉर्म्युला वनचा वैद्यकीय प्रमुख झाला. त्याच वर्षी इटलीत मोन्झाला रॉनी पीटरसन यांच्या अपघातात मदत उशिरा पोचली आणि त्यांचा जीव गेला. वॉटकिन्स यांनी मग अट घातली की पहिल्या फेरीत डॉक्टरची गाडी शर्यतीच्या गाड्यांमागे धावेल. त्या आधी डॉक्टर हा आयोजकांनी बोलावलेला पाहुणा होता. वॉटकिन्स यांच्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आलं. मैदानाच्या कडेला औषधाची पेटी घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला याचा अर्थ फार जवळून कळतो.

तिथल्या नियमात चालकाच्या वागणुकीलाही हळूहळू जागा मिळाली. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा, कोणाला ओलांडायचं नाही. दुसऱ्याला मुद्दाम रस्त्याबाहेर ढकललं तर शिक्षा. 2014 पासून चालकाच्या परवान्यावर दंडाचे गुण मांडू लागले. बारा महिन्यांत 12 गुण झाले की पुढच्या एका शर्यतीला बंदी. 2024 साली केविन मॅग्नुसेन यांच्यावर ती पाळी पहिल्यांदा आली. एका शर्यतीत केलेली आगळीक पुढच्या शर्यतीत, दुसऱ्या देशातही, चालकाच्या मागे जाते. या एका गोष्टीने माझं लक्ष धरून ठेवलं, त्याकडे शेवटी येतो.

आपल्याकडे बंदीनंतरची वाट वळणावळणाची झाली. 7 जानेवारी 2016 ला केंद्राने अटी घालून शर्यतींना मोकळीक दिली, पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. 2017 च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी तरुणांचा समुद्र उसळला आणि तामिळनाडूने आपल्यापुरता कायदा बदलून घेतला. महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच वर्षी दुरुस्ती मंजूर केली आणि शर्यतीचे नियम तयार झाले, पण उच्च न्यायालयाची स्थगिती कायम राहिली. बैल पळू शकतो का, हे तपासायला राज्याने तज्ज्ञांची समिती नेमली. शेवटी 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या चौकटीत शर्यतींना परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू आणि कर्नाटकचे बदललेले कायदे वैध ठरवले.

पट परत आला तो नव्या नियमांसोबत. आयोजकाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि 50 हजारांची अनामत भरावी लागते. धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको. नोंदणीकृत पशुवैद्यकाने बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला दिल्याशिवाय बैल उतरत नाही. एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, फेऱ्यांमध्ये विसावा हवा. बैलासोबत घोडा जुंपायचा नाही. काठी, चाबूक, विजेचा झटका, काहीही चालत नाही. सगळ्याचं चित्रीकरण करायचं. नियम मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कुठे ते 10 रुपये आणि कुठे हे. पटाच्या सगळ्या ज्ञात इतिहासात बैलाच्या बाजूने लिहिलेला आणि दात असलेला हा पहिला नियम.

बंदी उठली तोवर माझी नोकरी संपत आली होती, तरी तपासणीला मी जात राहिलो आणि आता बोलावणं आलं की अजूनही जातो. दाखल्यावर सही पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची, बैल धरणं आणि पाहणं माझं. पहाटे थंडीत बैल रांगेने उभे असतात. नाकपुडी ओली आहे का, डोळ्याला पाणी आहे का, थर्मामीटर 101 च्या आसपास थांबतो का. चारही खूर उचलून मधल्या फटीत खडा किंवा जखम आहे का. मग शेपटी हातात घ्यायची. अलीकडे बहुतेक बैल शेपटी हातात देतात. पाय झाडत नाहीत, अंग चोरत नाहीत. बोटाखाली नाडी शांत लागते. बैल रवंथ करत असतो आणि मी मोजत असतो. नियम पाळला जातोय की नाही हे मला चित्रफितीपेक्षा या जागी आधी कळतं.

धुरकऱ्याची विद्याही बदलली. उजवा हात रिकामा झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न पहिल्या वर्षी सगळ्यांना पडला. उत्तर दोन-तीन घरांनी आधीच शोधून ठेवलेलं होतं. पट्टीच्या टोकाला रोज तोच माणूस, हातात तीच चुरीची टोपली, आणि इकडून नावाने आरोळी. बंदीच्या काळातही ही घरं आपल्या जोड्या बांधीत असंच फिरवत राहिली होती. दिघोरीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितलं, “आमचा बैल मार खाऊन नाई धावत जी, डाक्टर. नाव घेतलं का धावते.” त्याची जोडी त्या दिवशी जिंकली. वर्षभर बैलासोबत राहणाऱ्या माणसाला नव्या नियमाने वर आणलं, आणि एका दिवसासाठी येऊन तुतारी चालवणाऱ्याला खाली. पटासाठी मला यापेक्षा चांगली गोष्ट माहीत नाही.

तरीही काम पुरं झालेलं नाही. गर्दीच्या वेळी, शेवटच्या फेरीत, पंचांची पाठ वळली की शेपटीला हात जातो. धुलाईच्या साबणाच्या वडीएवढी बॅटरी मुठीत लपते. अशा धुरकऱ्याला त्या पटात बाद करतात, पण आठ दिवसांनी तोच दुसऱ्या तालुक्यात, नदीपलीकडे, छकड्यावर दिसतो. तिथल्या पंचांना काही ठाऊक नसतं. शिवाय नियमाने बैलाकडे पाहिलं, पण त्या छकड्यावरच्या माणसाकडे अजून पुरतं पाहिलेलं नाही. धुरकऱ्याच्या डोक्याला आजही दुपट्टाच बांधलेला असतो. शेवटच्या रेषेपलीकडे, जोड्या सर्वात वेगात असतात तिथेच, पोरं मोबाइल घेऊन पट्टीत उतरतात. एका गावात मी भडकलेली जोडी बांबूंची रांग मोडून माणसांत शिरताना पाहिली आहे. त्या दिवशी जे खाली पडले त्यांना उचलायला बैलांचा डॉक्टर हजर होता, माणसांचा नव्हता.

म्हणून पट भरवणाऱ्या आमच्या गावांना माझी काही मागणी आहे. लाखांदूर, साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, या सगळ्या भागांतल्या पट समित्यांनी मिळून धुरकऱ्यांची एक नोंदवही ठेवावी. नाव, गाव, वय, आणि पुढे कोरा रकाना. ज्याने बैलाला मारलं, शेपटी पिळली, झटका दिला, दुसऱ्याच्या पट्टीत जोडी घातली, त्याची नोंद त्या रकान्यात पंचांच्या सहीने व्हावी, आणि ती दुसऱ्या दिवशी प्रत्येक समितीकडे पोचावी. मोबाइलच्या काळात याला खर्चही नाही. अशा दोन नोंदी झाल्या की त्या हंगामात कोणत्याच गावात त्याला छकडा मिळू नये. फॉर्म्युला वनला हे जगभर जमतं, तर वैनगंगेच्या दोन काठांना जमायला हरकत नाही. नोंदवहीत नाव असलेल्या प्रत्येक धुरकऱ्याचा विमा समितीने उतरवावा आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय झेंडी पाडू नये. शेवटच्या रेषेपुढे शंभर पावलं दोन्ही बाजूंनी पक्कं कुंपण असावं आणि त्याच्या आत बैलाचा एक आणि माणसाचा एक, असे दोन डॉक्टर असावेत. दोघांपैकी कोणीही हात वर केला तर फेरी थांबावी, जोडी कोणाचीही असो.

पंच निवडताना आमचे वाडवडील जोडी नसलेला माणूस शोधायचे, कारण न्याय करणाऱ्याचा स्वार्थ मैदानात नको हे त्यांना कळत होतं. तीच समज आता पुढे न्यायची आहे. जो बोलू शकत नाही त्याच्या बाजूने बोलणारा कोणीतरी पटाच्या रेषेवर उभा हवा, आणि त्याचा शब्द इनामापेक्षा मोठा हवा. न्यायालयाने पट परत दिला तो याच अटीवर. ती अट सरकारची म्हणून पाळली तर एखाद्या हंगामात पुन्हा मोडेल. आपल्या गावाची रीत म्हणून पाळली तर आमच्या नातवंडांनाही पट पाहायला मिळेल.